हाडांचा हिशेब

उत्तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे. भोवती वाळूच्या टेकड्या आणि बेताचा पाऊस. १९४०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी इथे खोदकाम सुरू केलं, तेव्हा दगडाची नखाएवढी हत्यारं निघाली, माणसांचे पुरलेले सांगाडे निघाले आणि जनावरांची हाडंही निघाली. त्यांत गेंड्याच्या खांद्याचं एक रुंद, चपटं हाड होतं. त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान खळगे पडले होते. कुणीतरी ते ऐरण म्हणून खाली ठेवून त्यावर ठोकाठोक केली होती.

गेंड्याला पाणथळ जागा लागते, उंच गवत लागतं, लोळायला डबकी लागतात. म्हणजे लांघणजला शिकारी माणसं राहत होती तेव्हा हा मुलूख आजच्याइतका रखरखीत नव्हता. हे झालं प्राण्याबद्दल. पण मेलेल्या गेंड्याचं खांद्याचं हाड रुंद आहे, सपाट आहे, आपल्या कामाचं आहे, असं ठरवून ते उचलणं ही गोष्ट माणसाबद्दलची आहे. मला या प्रकरणात तिच्याविषयीच जास्त बोलायचं आहे. उत्खननातल्या हाडांकडे आपण प्राण्यांची यादी म्हणून पाहतो. मला ती माणसांच्या निर्णयांची नोंद वाटते. कोणतं जनावर पाळायचं, ते किती वर्षं पोसायचं, कधी मारायचं, कसं कापायचं, काय ठेवायचं आणि काय उकिरड्यावर टाकायचं, हे सगळं तीत उतरलेलं असतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांच्यावर कुणी शिलालेख कोरला नाही, अशा माणसांची एवढी बारकाईची नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

बराच काळ ती कुणी पुरती वाचली नाही. हाडं प्राणिशास्त्रज्ञांकडे जात आणि अहवालाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून लॅटिन नावांची यादी छापली जाई. हडप्प्याच्या हाडांवरचा बैनी प्रशाद यांचा ग्रंथ १९३६ साली आला. काम तोलामोलाचं होतं, पण त्या काळच्या कामाचा मुख्य प्रश्न ‘हा प्राणी कोणता?’ एवढाच होता. पुढे कर्नाटकात के. आर. अलूर यांच्यासारख्या पशुवैद्याने आपलं व्यवसायातलं ज्ञान या हाडांसाठी वापरलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तर या विषयाची स्वतंत्र प्रयोगशाळाच उभी राहिली. पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खन आणि गुजरातेतल्या कितीतरी उत्खननांतली हाडं तिथे एकेक करून तपासली. या विषयाला पुरातत्त्वीय प्राणिशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम फार धीराचं आहे. पोत्यांनी आलेले तुकडे धुवायचे, सुकवायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि मग एक-एक हातात घेऊन ओळखायचा.

मुळात हाड आपल्यापर्यंत पोचतं कसं, हे आधी पाहायला हवं. जनावर मेलं की त्याच्या हाडांचा नाश सुरू होतो. कुत्री चावतात, ऊन-पावसाने चिरा पडतात, माणसांच्या आणि गुरांच्या पायांखाली चुरा होतो. जमिनीत गाडलं गेलेलं हाडही सुरक्षित असतंच असं नाही. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाड हळूहळू विरघळून जातं. उलट देशावरच्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत राख आणि चुन्याचा अंश भरपूर असतो. अशा मातीत तीन हजार वर्षांचं हाडही टिकतं. त्यामुळे कोकणातल्या एखाद्या उत्खननात हाडं मिळाली नाहीत, तर तिथली माणसं मांस खात नव्हती, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नाशाचे हे नियम लक्षात न घेतल्यामुळे किती मोठी गफलत होऊ शकते, याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. माकापान्सगाट इथल्या गुहेत लाखो वर्षांपूर्वीच्या हरणांची हाडं ढिगाने मिळाली. रेमंड डार्ट यांच्या लक्षात आलं की त्यांत काही भाग भरपूर आहेत आणि काही जवळपास नाहीतच. पुढच्या पायाच्या दंडाच्या हाडाचं खालचं टोक पुष्कळ होतं, वरचं टोक मात्र दिसत नव्हतं. डार्ट यांनी अनुमान काढलं की माणसाच्या आदिम पूर्वजांनी ठरावीक हाडं सोटे आणि सुरे म्हणून निवडून आणली असावीत. त्यातून हिंसक, शस्त्रधारी पूर्वजाचं एक चित्र तयार झालं आणि ते जगभर गाजलं.

सी. के. ब्रेन यांनी १९६०च्या दशकात या चित्राची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी घेतली. नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक शेळ्या पाळत आणि खात. उरलेली हाडं अंगणात टाकत आणि ती कुत्र्यांच्या तोंडी लागत. ब्रेन यांनी ती हाडं गोळा करून मोजली. तिथेही दंडाच्या हाडाची खालची टोकं भरपूर होती आणि वरची जवळपास नाहीशी झाली होती. कारण सरळ होतं. खालचं टोक लवकर पक्कं होतं आणि घट्ट असतं. वरचं टोक उशिरा सांधतं, ते सच्छिद्र आणि चरबीने भरलेलं असतं, त्यामुळे कुत्रं ते आनंदाने चावून खातं. गुहेतली ‘निवड’ पूर्वजांनी केलेली नव्हती. ती हाडाच्या घट्टपणाने आणि मांसभक्षक जनावरांच्या जबड्यांनी केली होती. या विषयात झालेलं सगळ्यात सुंदर काम मला हे वाटतं. गावातल्या शेळ्यांची टाकलेली हाडं मोजून एका माणसाने मानवजातीवरचा खुनशीपणाचा आरोप कमकुवत केला.

नाशाचा एक भाग खोदणारेही करतात. मातीतून हाडं नुसती हाताने वेचली तर बैलाची नडगी सुटत नाही, पण माशाचा काटा, कोंबडीचं हाड, करडाचा दात मातीबरोबर बाहेर फेकला जातो. सेबॅस्टियन पेन यांनी ग्रीसमधल्या सिताग्रोई इथे हाताने वेचून झालेली माती पुन्हा बारीक जाळीतून काढून दाखवली. मोठ्या जनावरांपेक्षा शेरडा-मेंढरांची आणि डुकरांची हाडं कितीतरी जास्त प्रमाणात निसटलेली होती. म्हणून ‘या वस्तीत मासे खात नसत’ असं वाक्य अहवालात दिसलं, की आधी चाळण वापरली होती का, हे विचारावं.

प्रयोगशाळेतलं पहिलं काम ओळखण्याचं. त्यासाठी आजच्या जनावरांचे सांगाडे शेजारी लागतात. मेलेली गाय, म्हैस, शेळी, चितळ, कुत्रा यांचे सांगाडे साफ करून, हाडन् हाड वेगळं करून ठेवलेले असतात आणि जुना तुकडा त्यांच्याशी लावून पाहतात. ऐकायला सोपं वाटतं, पण गाय, म्हैस आणि नीलगाय यांच्या हाडांत गल्लत होते, शेळी आणि काळविटातही होते. शेळी आणि मेंढी यांच्यातला फरक तर इतका सूक्ष्म की पुष्कळ अहवालांत ‘शेळी/मेंढी’ असा एकच रकाना असतो. योआखिम ब्योसनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दोघींच्या हाडांतल्या फरकांचा बारीक अभ्यास छापला, तेव्हापासून काही हाडांपुरती तरी खात्री देता येते. आपल्या वशिंडाच्या गुराची एक खूण मला फार आवडते. पाठीच्या काही मणक्यांवरचा उभा काटा टोकाशी दुभंगलेला असतो. वशिंड हाडाचं नसतं, ते मातीत उरत नाही. पण दुभंगलेला मणका मिळाला की ते जनावर वशिंडाचं असावं असं म्हणायला आधार मिळतो.

मग मोजणी. एकूण ओळखता आलेले तुकडे मोजावेत, तर एका हाडाचे दहा तुकडे झाले की ते दहा वेळा मोजले जातात. म्हणून थिओडोर व्हाइट यांनी १९५३ मध्ये कमीत कमी किती जनावरं असायला हवीत, ते मोजण्याची रीत पुढे आणली. शेळीच्या डाव्या दंडाची पाच टोकं आणि उजव्याची तीन मिळाली, तर शेळ्या किमान पाच. यातही खोट आहे, कारण थोड्या हाडांच्या ढिगात दुर्मीळ जनावराचं वजन उगाच वाढतं. जाणकार दोन्ही आकडे देतात आणि कोणत्याही एकावर इमारत उभी करत नाहीत.

खरी गोष्ट सुरू होते ती वयापासून. गाईची पहिली मोठी दाढ सहाव्या महिन्याच्या सुमारास येते, दुसरी दीड वर्षाच्या आसपास, तिसरी दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान. पुढे दाढा झिजत जातात आणि झिजेवरून वयाचा अंदाज बांधता येतो. हाडांची टोकंही ठरावीक वयात दांड्याला सांधतात. दंडाचं खालचं टोक एक-दीड वर्षात, वरचं साडेतीन-चार वर्षांत. म्हणजे सुटं राहिलेलं टोक हाती आलं की ते जनावर त्या वयापर्यंत पोचलं नव्हतं, हे कळतं.

अशा शेकडो जबड्यांची वयं मांडली की मालकाचा हेतू दिसू लागतो. पेन यांनी १९७३ मध्ये तुर्कस्तानातल्या कळपांच्या आधारे हे स्पष्ट केलं. मांसासाठी पाळलेल्या कळपात नर वाढीचा बहर ओसरताच मारले जातात. दुधासाठी पाळलेल्यांत नर पिल्लं फार लवकर जातात, कारण त्यांच्या वाट्याचं दूध माणसाला हवं असतं. लोकरीसाठी पाळलेल्यांत म्हातारी मेंढरंही उरतात. प्रत्यक्षात एकच कळप तिन्हीसाठी असतो आणि चित्र पुसट होतं. महाराष्ट्रातला कोणताही धनगर हे सांगेल. आकृतीबरहुकूम वागणारा मेंढपाळ पुस्तकाबाहेर नसतो. तरीही वयांची मांडणी पाहिल्याशिवाय ‘हे लोक पशुपालक होते’ हे वाक्य पोकळ राहतं.

आता इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे स्थळ आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या देखरेखीखाली ते खोदलं. इ.स.पू. १६०० ते ७०० असा सुमारे नऊशे वर्षांचा काळ एकाच टेकाडात थरांनी साठलेला मिळाला. मातीची घरं, धान्याची कोठारं, रांजणात पुरलेली लहान मुलं, पुराचं पाणी वळवणारा कालवा, सातूचे जळके दाणे. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग इथून आला. त्या घरांच्या जमिनींवर, खड्ड्यांत आणि गल्ल्यांत जनावरांची हाडं विखुरलेली होती.

त्यात सगळ्यात ठळक गुरं. जोडीला शेरडं-मेंढरं, म्हैस, कुत्रा, डुक्कर. शिकारीच्या प्राण्यांत काळवीट, चितळ, सांबर यांच्यासारखे प्राणी, शिवाय मासे आणि कासवं. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. हे वाक्य आज अनेकांना रुचत नाही. पण सुरीच्या धारेने सांध्याजवळ पडलेली चीर कुत्र्याच्या दाताच्या खुणेपासून वेगळी ओळखता येते. तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठची माणसं गुरं पाळत, राबवत आणि खातही. याच गावात एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीबरोबर एक शिरविहीन स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल जपून ठेवलेला सापडला. बैलाची मूर्ती जपून ठेवणारे आणि गुराचं हाड चुलीजवळ टाकणारे हात एकाच गावचे होते. त्यांची श्रद्धा आणि त्यांचं जेवण, दोन्ही त्यांचं होतं. आपल्या आवडीनिवडी त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इ.स.पू. १०००च्या सुमारास गावाचं रूप बदललं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली. हाडांमध्ये शेरडा-मेंढरांचा आणि शिकारीच्या प्राण्यांचा वाटा वाढला. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडं होत गेलं, शेती पिकेनाशी झाली आणि शेतकरी हळूहळू भटक्या पशुपालनाकडे वळले. या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि हवामान एकट्यानेच सगळं घडवतं असं मलाही वाटत नाही. पण दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही त्यामागचं तर्कशास्त्र समजावून सांगावं लागत नाही. गाय-बैल जगवायला वैरण आणि पाणी लागतं. शेळी बाभळीच्या शेंगांवर निभावते, लवकर विते आणि गरज पडली की एकट्या कुटुंबात एका जेवणात संपते. गुरं कमी करून शेळ्या वाढवणं हा संकटातल्या शेतकऱ्याचा निर्णय आहे, आणि तो निर्णय हाडांच्या टक्केवारीत दिसतो.

दख्खनच्या दक्षिणेला, कर्नाटक आणि तेलंगण-आंध्रात, पशुपालकांनी हाडांपेक्षाही अजब अवशेष मागे ठेवला. तिथे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत, काही ठिकाणी वितळून काचेसारखे झालेले. ही ज्वालामुखीची राख, भट्ट्यांचा मळ, युद्धात जाळलेल्या प्रेतांची रक्षा, असे नाना तर्क झाले. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातला उतनूरचा ढिगारा खोदला. तो होता गुरांच्या वाड्यात साठलेल्या आणि वेळोवेळी पेटवलेल्या शेणाचा. त्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले मिळाले. पुढे के. पद्दय्या यांनी कर्नाटकात बुदिहाळ इथे अशा ढिगाऱ्याशेजारची वस्ती खोदली. तिथे जनावरं कापण्यासाठी तयार केलेली जमीन, तिच्यावर हाडं आणि दगडी हत्यारं, असा सगळा मांड सापडला. घरोघरी थोडं थोडं कापण्याऐवजी वस्तीने मिळून एका जागी कापणं म्हणजे वाटप आलं, मेजवानी आली, मानपान आले. नुसत्या प्राण्यांच्या यादीतून हे कधीच कळलं नसतं.

हाडांवरून भांडणंही झाली आहेत. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळी घोड्याची हाडं असल्याचं ए. के. शर्मा यांनी १९७४ मध्ये मांडलं. हंगेरीचे शांडोर ब्योकोन्यी यांनी ती तपासून दुजोरा दिला. रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल यांनी १९९७ मध्ये त्याला हरकत घेतली. कच्छच्या रणात आजही रानगाढव आहे, त्याची आणि घोड्याची हाडं फार जवळची असतात आणि हाती असलेले दात आणि बोटाची हाडं निर्णायक नाहीत, असं त्यांचं म्हणणं. या वादात घोड्याचं नाव निघालं की लगेच आर्य कुठून आले हा प्रश्न निघतो आणि हाड बाजूला पडतं. माझं मत असं की ज्या तुकड्यावर दोन जाणकार एकमताने बोट ठेवू शकत नाहीत, त्याच्यावर संस्कृतीच्या उगमाचा निकाल टांगू नये.

नवी तंत्रं अशा काही कोंड्या फोडत आहेत. हाडातल्या कोलेजन या प्रथिनाच्या घडणीवरून, आकार उरलेला नसतानाही, चिमूटभर भुकटीतून शेळी आणि मेंढी वेगळ्या काढता येतात. कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या भांड्यांच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशातून तिथे दूध वापरलं जात होतं, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांना सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली होती, त्यातल्या एकावर रेघांची नक्षीही कोरलेली होती. भारतात शहामृग? अनेकांचा विश्वास बसत नसे. २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशाच कवचांतला डीएनए तपासला गेला आणि ती शहामृगाचीच ठरली. साठवणीत जपलेले तुकडे होते म्हणून हे शक्य झालं. जुन्या उत्खननांतली हाडं ‘बिनकामाची’ म्हणून टाकून दिली असती, तर आजचं कोणतंही यंत्र काही करू शकलं नसतं.

पण कोठारात जपण्याआधी हाड जमिनीत तरी उरायला हवं. आपल्याकडे नदीकाठच्या गावाशेजारी राखट मातीचं उंचवट्याचं टेकाड असतं. गावकरी त्याला पांढरी म्हणतात. ती माती खत म्हणून चांगली, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी बैलगाडीने थोडी थोडी माती जाई. आता जेसीबी लावला की दोन दिवसांत टेकाड सपाट होतं. त्या मातीला कस आला आहे तो काही अंशी याच हाडांमुळे, राखेमुळे आणि शेणामुळे. तुमच्या गावाला अशी पांढरी असेल, तर तिची माती विकायला निघण्याआधी ग्रामसभेत विषय काढा. नांगराला किंवा पायाच्या खोदाईत खापरांबरोबर हाडं लागली, तर ती उपसू नका, धुऊ नका, जागची हलवू नका. फोटो घ्या, जागा नोंदवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. जागेवरून हललेलं हाड कोणत्या घराचं, कोणत्या चुलीजवळचं, कोणत्या काळातलं, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.